कमरेला पिस्तूल लावून येणारा पेशंट: दवाखान्यात नेमके काय करायचे

प्रश्न असा आहे. परळला नुकताच दवाखाना सुरू केलेल्या एका तरुण डॉक्टरांकडे एक बांधकाम व्यावसायिक मधुमेहाच्या उपचारासाठी येतात. तपासायला आडवे होण्याआधी ते कमरेचे पिस्तूल काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "लॉक आहे, घाबरू नका." माणूस सज्जन आहे, त्यांना दुखवायचे नाही. पाटी लावावी का, तपासणी होईपर्यंत पिस्तूल आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवावे का, पोलिसांना कळवावे का, असे डॉक्टरांनी विचारले आहे.

थेट उत्तर आधी देते. ड्रॉवरमध्ये ठेवू नका. हात लावू नका. परवाना असेल तर पोलिसांना कळवण्यासारखे त्यात काही नाही. पण यापुढे ते पिस्तूल तुमच्या दवाखान्यात होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, बाहेर येता कामा नये, आणि हे त्यांच्याशी फोनवर बोला, बाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांसमोर नाही.

आता सविस्तर.

माझा दवाखाना दादर पूर्वेला, नायगावच्या पोलीस वसाहतीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. ३१ वर्षे झाली. ड्युटीवरून परस्पर येणारे हवालदार आणि फौजदार, एखाद्या पुढाऱ्याचा अंगरक्षक, कॅश व्हॅनवरचा बारा बोअरची बंदूक खांद्याला लावलेला गार्ड, झवेरी बाजारात पेढी असलेले सराफ, बिल्डर, असे सगळे माझ्याकडे येतात. यांना एकच नियम लागू होत नाही. सराफाला "घरी ठेवून या" म्हणता येते. पोलिसाला म्हणता येत नाही, कारण हत्यार त्याचे नसते, सरकारचे असते, आणि ते हरवले तर त्याची नोकरी पणाला लागते. गार्डची बंदूक एजन्सीच्या ड्युटीची, ती सोडून तो आत येऊ शकत नाही आणि ती घेऊन आला तर बाहेरचे चार पेशंट उठून जातात. म्हणून आधी समोर कोण आहे ते बघा.

सुरुवातीच्या काळातली माझी चूक सांगते. मी शिकत असताना, सप्टेंबर १९९२ मध्ये, जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात शिरून टोळीने गोळीबार केला होता आणि त्यात बंदोबस्ताचे पोलीसही मारले गेले होते. ते दशकच तसे होते. व्यापाऱ्यांना खंडणीचे फोन यायचे आणि ज्यांना मिळाला त्यांनी शस्त्रपरवाना घेतला. अशातलेच एक सराफ माझ्याकडे बीपी दाखवायला यायचे. दवाखाना लहान, म्हणून पुढचा पेशंट आतच स्टुलावर बसवायची पद्धत. त्या दिवशी स्टुलावर एक आई होती, मांडीवर तापाने फणफणलेला तीन वर्षांचा मुलगा. सराफांनी सफारी वर केली, रिव्हॉल्व्हर काढले आणि माझ्या टेबलावर, बीपीच्या यंत्राला लागून ठेवले. नळी दाराकडे. मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत होते. मुलगा मांडीवरून कधी उतरला ते आईलाही कळले नाही. मला दिसली ती फक्त टेबलाच्या कडेवर आलेली चार बोटे, त्या चकाकणाऱ्या वस्तूपासून वीतभर अंतरावर. सराफांनीच झटकन त्यावर पंजा ठेवला. आईने मुलाला ओढून घेतले. मी काहीच बोलले नाही. केस पेपरवर १६०/१०० लिहिले, गोळी बदलून दिली आणि आईला म्हटले, "या, बसा." घडल्या प्रकाराबद्दल दोघांपैकी कोणालाही मी एक शब्द बोलले नाही, याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर मी माझ्याच पोलीस पेशंटना विचारत गेले आणि शिकत गेले. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी की हत्यार होल्स्टरमध्ये शांत असते. अपघात होतो तो ते काढताना, ठेवताना, दुसऱ्याच्या हातात देताना किंवा "रिकामे करून दाखवतो" म्हणताना. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी लागली, ती घरात, कपाटात ठेवताना. कोणी कोणावर रागावलेले नव्हते. दवाखान्यात आपल्याला भीती वाटते ती चिडलेल्या माणसाची, पण घडण्याची शक्यता जास्त आहे ती अशा शांत, ओळखीच्या, घाईत असलेल्या माणसाच्या हातून.

"लॉक आहे" या शब्दांवरही विसंबू नका. बहुतेक रिव्हॉल्व्हरना बाहेरून लावायचे लॉक नसतेच. बऱ्याच पिस्तुलांना असते, पण मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढले म्हणजे ते रिकामे झाले असे नव्हे. एक गोळी आधीच नळीच्या मागच्या चेंबरमध्ये गेलेली असू शकते आणि नेमकी हीच गोळी "रिकाम्या" पिस्तुलातून उडते. म्हणून पेशंट कितीही अनुभवी असला तरी दवाखान्यात त्याला हत्यार रिकामे करायला सांगू नका. चार बाय सहाच्या खोलीत, ज्याच्या मागे भिंत आहे आणि भिंतीमागे वेटिंगचे बाकडे आहे, तिथे ते काम करायची जागाच नाही.

ड्रॉवरबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण हा मोह सगळ्यांनाच होतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुक किंवा पिस्तूल जवळ बाळगता येत नाही. परवाना ज्याच्या नावाचा, हत्यार त्याच्याच ताब्यात हवे. तुम्ही ते कुलपात ठेवलेत आणि पेशंट सोनोग्राफीला शेजारच्या इमारतीत गेला, तर त्या अर्ध्या तासात परवान्याशिवाय ते तुमच्याकडे असते. त्यात ड्रॉवर उघडायला तुमची असिस्टंट येणार, मावशी झाडायला येणार. हेतू चांगला होता हे नंतर पटवत बसावे लागते. पेशंटने पिस्तूल आपल्या ड्रायव्हरकडे देऊन येणे हेही त्याच कारणाने चुकीचे आहे. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवकाची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्या मारेकऱ्याच्याच अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते असे पोलीस तपासात पुढे आले. एकाचे हत्यार दुसऱ्याच्या हाताला लागते आहे अशी जागा आपण आपल्या दवाखान्यात तयार करायची नाही.

कायद्याचा एक भाग मात्र तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. त्यामुळे टेबलावर काढून ठेवणे ही सवय परवानाधारकालाही न शोभणारी आहे, आणि हे त्याला समजुतीच्या सुरात सांगता येते.

फोनवर काय बोलायचे? मी साधारण असे बोलते: "शेठ, उद्याची तुमची वेळ साडेअकराची. एक विनंती आहे. उद्या पोट तपासायचे आहे, पट्टा सोडावा लागेल. पिस्तूल घरी तिजोरीत ठेवूनच या. आमच्याकडे लहान मुले असतात, आणि ते ठेवून घ्यायची परवानगी मला नाही." बहुतेक लोक लगेच हो म्हणतात. एखादा म्हणतो, "डॉक्टरबाई, मला धोका आहे, तसे फिरता येत नाही." खरे असू शकते. मग मी त्यांना दिवसाची पहिली किंवा शेवटची वेळ देते, तेव्हा बाहेर कोणी नसते, आणि पट्टा न सोडता जेवढे तपासता येईल तेवढे तपासते. बीपी, साखर, पाय बघणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे यांतल्या कशासाठीही पिस्तूल काढावे लागत नाही. तुमच्या मधुमेहाच्या पेशंटच्या दहापैकी आठ भेटी अशाच होतील. पोटाची तपासणी किंवा इंजेक्शन कमरेत द्यायचे असेल त्या दिवशी घरी ठेवून यायचे, एवढेच ठरवून घ्या.

लघवीच्या नमुन्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. एका अंगरक्षकाला मी बाटली दिली, तो संडासात गेला, पट्टा सैल केला, पिस्तूल होल्स्टरसकट खिडकीच्या कठड्यावर ठेवले आणि नमुना घेऊन बाहेर आला. पुढे एक आजी आत जाणार होत्या. आमच्या कंपाउंडर काकांचे लक्ष त्याच्या कमरेकडे गेले म्हणून कळले. त्या दिवसापासून हत्यारधारी पेशंटला आम्ही नमुना घरून आणायला सांगतो, आणि तो संडास वापरून आला की पुढच्या माणसाला सोडण्याआधी काका आत एक नजर टाकतात.

आता पोलिसांकडे वळते, कारण तिथे गुंता वेगळा आहे. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तावरून एक हवालदार संध्याकाळी माझ्याकडे आले. चालत आले, शर्ट घामाने चिकटलेला, डावा हात छातीवर. ईसीजी लावायला शर्ट उघडला तर कमरेला पिस्तूल, त्याची दोरी खांद्याला अडकवलेली. पट्टीवर हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. ॲस्पिरिन चघळायला दिली, ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि म्हटले, केईएमला जायचे आहे. ते म्हणाले, "मॅडम, हत्यार कोणाला देऊ?" मी म्हटले, ते नंतर बघू. ते उठून बसायला लागले. "नंतर नाही मॅडम. हे गेलं तर माझं सगळं गेलं." छातीत कळ येत असलेला माणूस दोन्ही हातांनी होल्स्टर दाबून बसला होता. त्यांना आडवे करायला मला जमेना, आणि प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत होता.

तेव्हा काकांनी जे केले ते मी करायला हवे होते. त्यांनी हवालदारांना एकच विचारले, "पोलीस ठाणं कुठलं?" आणि ठाण्याला फोन लावून फोन त्यांच्याच कानाला धरला. ठाणे अंमलदाराने सांगितले, जोडीदार तिथेच जवळ आहे, पाठवतो. सात-आठ मिनिटांत जोडीदार आला, त्याने दोरी सोडवली, पिस्तूल होल्स्टरसकट घेतले, आणि हवालदारांचे हात आपोआप सैल पडले. ॲम्ब्युलन्स तोवर दारात होती.

त्यावरून ठरलेली पद्धत अशी. ड्युटीवरचा पोलीस गंभीर आजारी आला तर ॲम्ब्युलन्सचा फोन आणि पोलीस ठाण्याचा फोन एकाच वेळी, दोन माणसांनी करायचा. शुद्धीवर असेल तर हत्यार त्याच्याच अंगावर राहू दे, ऑक्सिजन, ईसीजी, सलाईन सगळे त्यासह चालते. त्याच्याशी ओढाताण करायची नाही. बेशुद्ध असेल आणि ठाण्याचा माणूस पोचलेला नसेल, तर होल्स्टरमधून पिस्तूल काढायचे नाही, पट्टा सोडून किंवा कात्रीने कापून होल्स्टरसकट बाजूला घ्यायचे, मुठीला आणि चापाला (ट्रिगरला) बोट लागू द्यायचे नाही, नळी माणसांकडे नको, आणि एक माणूस तिथेच उभा ठेवायचा जो दुसरे काहीही करणार नाही. पोलिसांच्या ११२ या आपत्कालीन नंबरला कळवायचे. केस पेपरवर वेळ, कोणी सोडवले, कोणासमोर, आणि पुढे कोणाच्या ताब्यात दिले त्याचे नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर लिहायचा. छाती दाबायची वेळ आली तर हत्याराची व्यवस्था करायला सीपीआर थांबवायचा नाही. एकाने दाबत राहायचे, दुसऱ्याने पट्टा सोडायचा.

तुम्ही पेशंट पुढे पाठवता तेव्हा ही माहितीही चिठ्ठीवर जायला हवी. दुर्बिणीतून तपासणी, अक्कलदाढ काढणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांत गुंगी दिली असेल तर नंतर माणूस काही तास पूर्ण भानावर नसतो. त्या दिवशी हत्यार त्याच्याकडे नको, येतानाही आणि परत जातानाही. सगळ्यांत धोक्याची जागा एमआरआयची. त्या यंत्रातले जोरदार चुंबक मशीन बंद दिसत असतानाही चालूच असते. मुंबईतच जानेवारी २०१८ मध्ये नातेवाइकाने आत नेलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट तो मशीनकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. ब्राझीलमध्ये साओ पावलोला जानेवारी २०२३ मध्ये एक वकील आईला एमआरआयसाठी घेऊन गेले होते. कमरेचे पिस्तूल चुंबकाने ओढले, गोळी उडाली, पोटात लागली, आणि काही आठवड्यांनी ते गेले. यात पेशंट आई होती. म्हणून चिठ्ठीवर "पेशंट वा सोबतचे, कोणाकडेही शस्त्र असल्यास आधी सांगावे" असे मी मराठीतच लिहिते आणि तोंडीही सांगते.

इथपर्यंतचे सगळे हत्यार कुठे असावे याबद्दल झाले. माझ्या मते डॉक्टरचे खरे काम याच्या पुढे आहे. आपण दारू विचारतो, तंबाखू विचारतो, गाडी चालवता का विचारतो. ज्याच्या घरात पिस्तूल आहे त्याला ते विचारायला आपण बिचकतो, आणि ते विचारायचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. झोप उडालेला, धंद्यात बुडालेला, बायको गेल्यानंतर जेवण सुटलेला माणूस समोर असेल तर त्याच्या घरात हत्यार असणे ही नुसती माहिती राहत नाही. आत्महत्येचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. गोळ्या खाल्लेल्याला वाचवायला आपल्याला वेळ मिळतो. गोळी झाडून घेतलेल्याला बहुतेक वेळा मिळत नाही.

मी असे विचारते: "एवढा त्रास होतोय तेव्हा कधी वाटतं का, की हे सगळं संपवून टाकावं?" थांबते. घाईने दुसरा प्रश्न टाकत नाही. हो म्हणाले, किंवा नुसते खाली बघितले, तर पुढचा प्रश्न, "घरात पिस्तूल आहे ना? ते सध्या कुठे असतं?" असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नवा विचार येत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून तो मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

एक निवृत्त बँक गार्ड होते, सत्तरीच्या आसपासचे, स्वतःच्या परवान्याची एकनळी बंदूक घरी. पत्नी वारली, मुलगा वसईला. झोपेच्या गोळ्या मागायला आले. मी तेच दोन प्रश्न विचारले. त्यांनी बराच वेळ खिशातला रुमाल घड्या घालून परत उलगडला आणि म्हणाले, "रात्री साफ करत बसतो." मी गोळ्या लिहिल्या नाहीत. मुलाला बोलावू का, असे विचारले, हो म्हणाले, आणि तो येईपर्यंत त्यांना दवाखान्यातच बसवून ठेवले, चहा दिला. मुलाला सांगितले की बाबांना आज एकटे सोडायचे नाही, उद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचे. आणि बंदुकीचे काय? ती मुलाने उचलून वसईला नेणे बेकायदा ठरले असते. परवानाधारकाला आपले हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते, पावती मिळते. मी पोलीस ठाण्याला फोन केला, आजोबा स्वतः मुलाबरोबर गेले आणि जमा करून आले. "तब्येत सुधारली की परत मिळेल," असे सांगितल्यामुळे ते तयार झाले. हत्यार कायमचे हिरावले जाणार असे वाटले असते तर बोललेच नसते. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी अशा घरांतल्या सगळ्यांच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावते.

३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाच्या गोळीबारात त्याचे वरिष्ठ आणि तीन प्रवासी मारले गेले. त्याच्या सहकाऱ्याने दिलेल्या तक्रारीत नोंद आहे की बरे वाटत नाही, खाली उतरू द्या, असे तो आधी म्हणत होता. दुरून निदान करणे माझे काम नाही. पण माझ्याकडे येणारा हत्यारधारी "बरं वाटत नाही" म्हणतो तेव्हा मी आता पेन खाली ठेवून ऐकते. झोप किती, चिडचिड कोणावर, दारू किती, कोणी मागावर आहे असे वाटते का, हे विचारते. ड्युटीवर जाण्याच्या अवस्थेत नसेल तर सिक नोट देते आणि "हत्याराची ड्युटी देऊ नये" असे त्यावर लिहू का, हे त्यालाच विचारून लिहिते. पोलिसांना ही नोंद अपमानाची वाटते, म्हणून त्यावर पाच मिनिटे जास्त घालवावी लागतात. ती घालवा.

परवान्याच्या अर्जाला शारीरिक आणि मानसिक तब्येतीचे प्रमाणपत्र लागते, अर्जदार नशेच्या अधीन नाही असाही उल्लेख त्यात लागतो. "फक्त सही द्या डॉक्टर" म्हणत लोक ते घेऊन येतात. ओळखीचे असतात, नाही म्हणणे जड जाते. मी त्या दिवशी सही करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावते. नजर, हातांची थरथर, फिट येतात का, दारू, आधीचे मानसिक उपचार, चालू औषधे, आणि त्यांच्या परवानगीने घरच्यांशी वेगळे बोलणे, एवढे झाल्यावरच. मानसिक बाबतीत शंका असली तर तज्ज्ञांकडे पाठवते. परवाना आता पाच वर्षांचा असतो. पाच वर्षांत साठीचा माणूस पासष्टचा होतो, पार्किन्सन सुरू होतो, विसरभोळेपणा येतो. तेव्हा नूतनीकरणाची वाट न बघता कुटुंबाशी जमा करण्याचा विषय काढावा. स्मृतिभ्रंशात माणूस घरातल्यांनाच चोर समजू लागतो, आणि तिजोरीची किल्ली मात्र त्याच्या हातांना आठवत असते.

गोपनीयतेचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणारच. पेशंटकडे परवान्याचे हत्यार आहे ही त्याची खासगी माहिती आहे. ती सोसायटीत, गप्पांत जाता कामा नये. पण २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका दिसत असेल तर गोपनीयता मोडायची मुभा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती देता येते. "भागीदाराला सोडणार नाही" हे रागाचे बोलणे आणि "शुक्रवारी तो ऑफिसात एकटा असतो" हे बोलणे, यांतला फरक तुम्हाला कळेल. दुसरे ऐकलेत तर ११२, लगेच, आणि काय ऐकले ते शब्दशः लिहून ठेवा. परवाना निलंबित करायचा की रद्द, हे मुंबईत पोलीस आयुक्तांकडचे काम आहे. आपण फक्त कळवायचे.

गावठी कट्टा दिसला, किंवा परवाना नाही असे पेशंटच म्हणाला, तर तिथे जाब विचारू नका. उपचार करा, जाऊ द्या, मग पोलिसांना कळवा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे माहीत असलेला गुन्हा कळवणे हे आपल्यावरही बंधन आहे. गोळी लागलेला माणूस आला तर आधी रक्तस्राव थांबवा आणि मोठ्या रुग्णालयात पाठवा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे की जीव वाचवणे आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. त्याचे कपडे पुरावा असतात, म्हणून फेकू नका, गोळीच्या भोकावरून कापू नका, कागदी पिशवीत घाला.

चिडलेला माणूस हत्याराला हात घालत असेल तर शौर्य नको. आवाज खाली, हात दिसतील असे, त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहायचे नाही. आमच्याकडे "काका, लाल फाइल आणा" म्हटले की काका बाहेरच्यांना घेऊन रस्त्यावर जातात आणि ११२ लावतात. ३१ वर्षांत दोनदा म्हटले आहे, दोन्ही वेळा माणूस शांत झाला. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार नंतर जरूर करा, त्या क्षणी कायदा सुनावू नका.

राहिली पाटी. "शस्त्र आणण्यास मनाई" अशी मोठी पाटी मी एकदा लावली होती आणि काढली. ड्युटीवरचे पोलीस यायचे थांबले, आणि बाकीचे सांगायच्याऐवजी लपवायला लागले. लपवलेले पिस्तूल तपासताना हाताला लागणे जास्त वाईट. आता काउंटरवर छोटी पाटी आहे: "आपल्याजवळ शस्त्र असल्यास आत जाण्यापूर्वी कंपाउंडरना हळूच सांगावे." त्यातला "हळूच" हा शब्द मुद्दाम आहे, कारण भरल्या वेटिंगमध्ये कोणाकडे पिस्तूल आहे हे चोरालाही कळायला नको. नवीन केस पेपरवर ॲलर्जीच्या खाली एक ओळ छापून घेतली आहे, "शस्त्रपरवाना / ड्युटीचे शस्त्र: आहे / नाही." लोक बिनदिक्कत भरतात. तुमच्या बिल्डर पेशंटचा फोन मात्र पाटी रंगवून येण्याची वाट न बघता, त्यांच्या पुढच्या भेटीच्या आधीच करा.